दुबईच्या यादीत गोवा का नाही? एका विमानसेवा वाटाघाटीचा प्रकरण अभ्यास

दुबईच्या एमिरेट्स कंपनीची प्रवासी विमाने भारतात नऊ शहरांत उतरतात: मुंबई, दिल्ली, बेंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, अहमदाबाद, कोची आणि तिरुवनंतपुरम. गोवा त्यांत नाही. दुबईत नोकरीला असलेला सासष्टीचा किंवा बार्देशचा माणूस गावोगावी भेटतो, दुबईमार्गे येऊ शकणारा युरोपचा पर्यटकही आहे. गोव्याच्या नव्या मोपा विमानतळाची धावपट्टी साडेतीन हजार मीटरांची आहे, तिच्यावर बोइंग ७७७ विनासायास उतरते. मागणी आहे, धावपट्टी आहे, विमान कंपनीची इच्छाही लेखी नोंदलेली आहे. तरी विमान येत नाही, कारण दोन सरकारांमधल्या करारात दुबईच्या कंपन्यांना मोकळ्या केलेल्या भारतीय शहरांची जी यादी आहे, तिच्यात गोव्याचे नाव नाही.

ही यादी वाढवून घेण्याचा प्रयत्न मार्च २०२२ मध्ये झाला. दुबईने भारताकडे दोन मागण्या एकत्र केल्या. एक, दर आठवड्याला ५०,००० आसने वाढवून द्यावीत. दोन, आठ नवी शहरे खुली करावीत: अमृतसर, तिरुचिरापल्ली, कोइंबतूर, कण्णूर, गोवा, भुवनेश्वर, गुवाहाटी आणि पुणे. दोन्हींवर दिल्लीचे उत्तर नकाराचे राहिले. मार्च २०२३ मध्ये तत्कालीन नागरी विमान वाहतूक मंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी संयुक्त अरब अमिरातीसाठी हक्क वाढवण्याचा सरकारचा विचार नसल्याचे जाहीरपणे सांगितले.

हा नकार कशातून आला, त्याची किंमत कोण मोजतो आणि गोव्याने मागणी कशी मांडायला हवी, हे पाहण्यासाठी हेच प्रकरण घेतले आहे. गोव्यातल्या चर्चेत या विषयावर बराच त्रागा होतो. करारात नेमके काय लिहिलेले असते, हे मात्र त्या चर्चेत क्वचितच येते.

करारात काय असते

१९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाचा स्वतःच्या आकाशावर पूर्ण ताबा आहे. त्याच कराराचे सहावे कलम सांगते की नियमित वेळापत्रकाची परदेशी विमानसेवा त्या देशाच्या परवानगीशिवाय चालवता येत नाही. ही परवानगी दोन देश आपसात ठरवतात. भारताचे असे करार शंभराहून अधिक देशांशी आहेत.

मूळ करार सहसा जुना आणि सर्वसाधारण भाषेतला असतो: कंपन्यांची नेमणूक कोण करणार, त्यांची मालकी कोणाकडे असावी, सुरक्षेची जबाबदारी, भाडे, सीमाशुल्क. खरी देवाणघेवाण असते ती परिशिष्टात आणि वेळोवेळी सह्या होणाऱ्या सामंजस्य करारांत. तिथे दोन गोष्टी बघायच्या. पहिली ठिकाणांची: दुसऱ्या देशाची कंपनी आपल्या कोणत्या शहरांत उतरू शकते. यालाच पॉइंट ऑफ कॉल म्हणतात. दुसरी क्षमतेची: दर आठवड्याला किती फेऱ्या किंवा किती आसने.

या दोन्ही गोष्टी एकमेकींपासून सुट्या आहेत. ठिकाण मिळाले आणि आसने संपलेली असली, तर विमान सोडता येत नाही. आसने शिल्लक आहेत पण ठिकाण यादीत नाही, तरीही सोडता येत नाही. विमानतळ ‘आंतरराष्ट्रीय’ असणे ही तिसरीच बाब. कण्णूर विमानतळ डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झाला, आखाताकडे जाणारी माणसे त्याच्या चहूबाजूंना राहतात, इमिग्रेशन आणि कस्टम्सची सोय पहिल्यापासून आहे. पण परदेशी कंपन्यांसाठी तो पॉइंट ऑफ कॉल नाही, म्हणून तिथून आखातात जाता येते ते भारतीय कंपन्यांच्याच विमानाने. महानगरांबाहेरचा कोणताही नवा विमानतळ परदेशी कंपन्यांना पॉइंट ऑफ कॉल म्हणून द्यायचा नाही, अशी केंद्राची भूमिका संसदेतल्या उत्तरांत वारंवार आली आहे.

भारतीय कंपनीला मात्र ही अडचण नाही. दुबईचे हक्क हाती असलेली भारतीय कंपनी ते मुंबईतून वापरू शकते, कोझिकोडमधून वापरू शकते, मोपावरूनही वापरू शकते. गोव्याच्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची पळवाट. तिच्याकडे पुढे येऊ.

आसनांचा हिशेब

भारत आणि दुबई यांच्यात मोजमाप आसनांचे आहे, फेऱ्यांचे नाही. दोन्ही बाजूंना दर आठवड्याला एका दिशेने ६५,२०० आसने. करारातली २ टक्क्यांची सूट धरली की आकडा ६६,५०४ होतो. बातम्यांत कधी हा तर कधी तो आकडा दिसतो तो यामुळे.

हा कोटा २०१४ मध्ये ५४,२०० वरून ११,००० ने वाढवला गेला. त्यानंतर त्याला कोणी हात लावलेला नाही. दुबईच्या बाजूने तो एमिरेट्स आणि फ्लायदुबई वाटून घेतात. सुमारे ३६० आसनांचे ७७७ विमान रोज एक फेरी करत असेल तर आठवड्याला २,५२० आसने खर्च होतात. म्हणजे ६५,२०० च्या कोट्यात अशा रोजच्या पंचवीस फेऱ्या बसतात, सव्विसावी पूर्ण बसत नाही. मुंबईला ७७७ च्या जागी पाचशेहून अधिक आसनांचे ए३८० पाठवले, की तेवढी आसने दुसऱ्या कुठल्या तरी शहरातून काढून आणावी लागतात. फेऱ्यांच्या मापात मोठे विमान आणले की आसने फुकट वाढतात. आसनांच्या मापात तसे होत नाही. ही शिस्त भारताने विचारपूर्वक स्वीकारलेली आहे.

आता २०२२ च्या मागणीकडे पाहू. ५०,००० आसने आठ नव्या शहरांत सारखी वाटली तर प्रत्येकी ६,२५० येतात, म्हणजे १८० आसनी विमानाच्या रोजच्या जवळपास पाच फेऱ्या. गोव्याला एकट्या दुबईहून रोज पाच विमाने येतील आणि वर्षभर भरतील, यावर विमान व्यवसायातला कोणी विश्वास ठेवणार नाही. मागणीत वाढीव आसने नव्या शहरांनाच वापरावीत अशी अट नव्हती. हक्क मिळाले असते तर त्यांतला मोठा वाटा मुंबई, दिल्ली, बेंगळुरू या मार्गांवर गेला असता, कारण चढे भाडे तिथे मिळते. यादीतल्या लहान शहरांची नावे मागणीला वजन आणत होती, हे समजून घेणे गोव्याच्या हिताचे आहे. दुबईने मागितले म्हणजे गोव्यासाठीच मागितले, असे धरून चालता येत नाही.

दिल्ली का अडते

नकारामागे जुना अनुभव आहे. २००० च्या दशकात आखाती देशांना हक्क फार सढळपणे दिले गेले. नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. त्यानंतरही एप्रिल २०१३ मध्ये अबूधाबीचा कोटा १३,३३० वरून टप्प्याटप्प्याने ५०,००० करण्याचे ठरले, नेमका जेट एअरवेजमध्ये अबूधाबीच्या एतिहाद कंपनीने २४ टक्के हिस्सा घेण्याचा व्यवहार जाहीर झाला त्याच दिवसांत. त्या जोडणीवर संसदेत आणि बाहेर खूप वाद झाला. तेव्हापासून आखाती कोट्याच्या कुठल्याही फाइलवर सही करताना अधिकारी दहादा विचार करतात.

दुसरे कारण व्यवसायाचे. दुबईच्या विमानात बसणारा प्रत्येक जण दुबईला जात नाही. मडगावचा माणूस लंडनला, टोरंटोला, लिस्बनला निघालेला असतो. दुबईला तो फक्त विमान बदलतो. या वाहतुकीला सहावे स्वातंत्र्य म्हणतात: दोन परक्या देशांमधला प्रवासी स्वतःच्या देशातून वळवून नेणे. समजा १८० आसनी विमानात दुबईपर्यंतचे ६० प्रवासी आहेत. भारतीय कंपनीच्या विमानात उरलेली १२० आसने रिकामी जातील आणि मार्ग बंद पडेल. दुबईच्या कंपनीकडे पुढची शंभराहून अधिक शहरे जोडलेली असल्याने ती ही १२० आसने भरू शकते. कागदावर दोन्ही बाजूंना समान ६५,२०० आसने असली तरी बाजाराचे मोल समान नसते. दिल्लीचा आक्षेप इथे आहे आणि तो खरा आहे.

तिसरे, धोरण. २०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणात दिल्लीपासून ५,००० किलोमीटरच्या पूर्णपणे पलीकडच्या देशांशी आणि सार्क देशांशी परस्पर तत्त्वावर खुले आकाश ठेवायचे ठरले. ५,००० किलोमीटरच्या आतल्या देशांसाठी वेगळी कसोटी लावली: परदेशी कंपन्यांचा कोटा संपला आहे आणि भारतीय कंपन्यांनी आपला ८० टक्केही वापरलेला नाही, अशा वेळी वाढीव हक्क कसे द्यायचे याची पद्धत मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालची समिती सुचवेल. दुबई या वर्तुळाच्या आत येते. भारतीय कंपन्यांनीही दुबईचा आपला कोटा आता जवळपास पुरता वापरलेला आहे. म्हणून आज खुली वाटाघाट व्हायला तांत्रिक अडचण नाही. अडते ते धोरणाच्या दिशेवर. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० आणि इंडिगोने जून २०२३ मध्ये ५०० विमानांची मागणी नोंदवली. लांब पल्ल्याची विमाने येईपर्यंत प्रवासी दुबईकडे वळू द्यायचा नाही, दिल्ली आणि मुंबई हीच भारताची जोडकेंद्रे, म्हणजे विमान बदलण्याची मुख्य ठिकाणे, करायची, असा हा हिशेब.

राष्ट्रीय पातळीवर तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. दिल्लीच्या प्रवाशाला युरोपला थेट विमान मिळते. गोव्याच्या प्रवाशाला त्या धोरणातून मिळतो तो मुंबई किंवा दिल्लीचा एक जादा थांबा.

तो थांबा प्रत्यक्षात कसा असतो

एमिरेट्सचे तिकीट काढून गोव्याला येणारा माणूस मुंबईत टर्मिनल २ वर उतरतो. इमिग्रेशन मुंबईतच होते. सामान पट्ट्यावरून उचलायचे, कस्टम्समधून बाहेर काढायचे, मग देशांतर्गत विमानासाठी परत द्यायचे. पुढचे विमान टर्मिनल १ वरून असेल तर विमानतळाच्या आवाराबाहेर पडून गाडीने दुसऱ्या टर्मिनलला जायचे. दोन तिकिटे वेगळी असतील तर पहिले विमान उशिरा आल्यास दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही, आणि आंतरराष्ट्रीय तिकिटावरची सामानाची मर्यादा देशांतर्गत तिकिटाला लागू होत नाही, जादा किलोंचे पैसे वेगळे भरावे लागतात. वर्षातून एकदा आठ महिन्यांचे कंत्राट संपवून येणाऱ्या तारवट्याकडे, म्हणजे जहाजावरच्या खलाशाकडे, सामान कमी कधीच नसते. वृद्ध आई-वडिलांना इंग्लंडमधल्या स्विंडनला मुलाकडे पाठवताना घरच्यांना धास्ती असते ती याच टप्प्याची.

कोडशेअर हा यावरचा उपाय म्हणून सांगितला जातो. एकाच तिकिटावर परदेशी कंपनी मुंबईपर्यंत आणि भारतीय कंपनी पुढे गोव्यापर्यंत नेते. त्याने विमान चुकल्यास संरक्षण मिळते, सामानाची मर्यादा एक होते. मुंबईतले इमिग्रेशन आणि कस्टम्स मात्र तसेच राहतात. त्यामुळे कोडशेअरने तिकीट सुधारते, प्रवास तेवढा सुधारत नाही.

थेट लंडनचा पर्याय किती नाजूक आहे हेही दिसून आले. एअर इंडियाची गोवा ते गॅटविक सेवा जुलै २०२३ मध्ये दाबोळीच्या जुन्या विमानतळाहून मोपाला गेली, आठवड्याला तीन फेऱ्या चालत. अहमदाबादच्या अपघातानंतर जून २०२५ मध्ये कंपनीने लांब पल्ल्याच्या सेवांना कात्री लावली, तेव्हा ही सेवा स्थगित झाली. मोठ्या विमानांची चणचण असली की कंपनी ती आधी काढते कुठून, हे त्यातून कळते.

शारजाला चालते, दुबईला नाही

या प्रकरणाची सर्वांत बोलकी बाजू हीच. संयुक्त अरब अमिरात हा एक देश असला तरी भारताने हक्क अमिरातीनिहाय दिले आहेत: दुबई वेगळी, अबूधाबी वेगळी, शारजा वेगळी. प्रत्येकीचा कोटा निराळा, शहरांची यादीही निराळी. शारजाच्या यादीमुळे एअर अरेबिया दाबोळीला सेवा देऊ शकली. शारजा विमानतळ दुबई विमानतळापासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. म्हणजे दुबईत राहणारा गोंयकार शारजाहून थेट घरी येऊ शकतो आणि स्वतःच्या शहरातल्या विमान कंपनीने येऊ शकत नाही.

कतार एअरवेज आणि ओमान एअर यांनाही गोवा मिळालेला आहे. यावरून एक गोष्ट सिद्ध होते: गोव्यात परदेशी कंपनी नको असे तत्त्व कुठेही नाही. आखाती कंपन्यांना गोवा दिलेला आहेच. दुबईच्या बाबतीत अडतो तो कोट्याचा आकडा, आणि त्या आकड्याशी बांधली गेल्याने गोव्याची मागणी अडकून पडते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये भारत आणि अमिरात यांच्यात सर्वंकष आर्थिक भागीदारी करार झाला तेव्हा गोव्यातल्या काही व्यावसायिकांना वाटले की आता विमानेही मोकळी होतील. व्यापार करारांतून हे होत नसते. जागतिक व्यापार संघटनेच्या सेवा व्यापार करारातही विमान वाहतुकीचे हक्क परिशिष्टाद्वारे वगळलेले आहेत. सोने, खजूर, कापड यांचे शुल्क एका खोलीत ठरते, विमानाची आसने दुसऱ्या.

दोन विमानतळ, एक नाव

गोव्याचे स्वतःचे एक दुखणे आहे आणि ते मागणी लिहितानाच सोडवावे लागेल. दाबोळी हा नौदलाचा तळ. नागरी टर्मिनल भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे. आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळचे तास नौदलाच्या प्रशिक्षणाला जातात. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जीएमआर समूह चालवतो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. तिथे चोवीस तास स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याची ठरावीक वेळ, मिळतो.

करारात ‘गोवा’ एवढेच नाव असेल तर कोणत्या विमानतळावर उतरायचे ही निवड कंपनीकडे जाते. कतार एअरवेजने २० जून २०२४ पासून दाबोळी सोडून मोपा धरले, तेव्हा मुरगाव आणि सासष्टीत मोठी नाराजी उमटली. टॅक्सीवाले, दक्षिणेतली हॉटेले, वास्कोतले छोटे व्यावसायिक, सर्वांचा रोख राज्य सरकारवर होता. पण राज्य सरकारच्या हातात त्या निर्णयाला रोखणारा कोणताही कागद नव्हता. दाबोळी वाचवायचे असेल तर ते निदर्शनांनी होणार नाही. नव्या हक्कांमध्ये ठिकाण लिहिताना ‘गोवा (दाबोळी)’ आणि ‘गोवा (मोपा)’ अशा दोन वेगळ्या नोंदी आणि दाबोळीच्या वाट्याच्या फेऱ्या स्वतंत्र मागाव्या लागतील. परदेशी कंपनीला हे आवडणार नाही, कारण रात्रीचे जोडविमान साधायला तिला मोपाच सोयीचे. तरीही मागणी करायची तर ती या शब्दांत करावी लागेल.

आसियानचा धडा

गोव्याला हक्क मिळूनही सगळे काही होत नाही याचा पुरावा भारताच्याच धोरणात आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी बालीत आसियान देशांना महानगरांपर्यंत रोजच्या फेऱ्या आणि १८ पर्यटनस्थळांपर्यंत अमर्याद फेऱ्या देऊ केल्या. त्या १८ मध्ये गोवा आहे. छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचे औरंगाबाद, तेही आहे. वेरूळ-अजिंठ्याच्या गावी थायलंड-सिंगापूरच्या विमानांची रांग लागली नाही हे आपण पाहतोच. हक्क हा दरवाजा आहे. प्रवासी, भाडे, परतीचा माल, रात्रीचा स्लॉट, हे जुळले नाही तर उघड्या दरवाजातूनही कोणी येत नाही.

मात्र त्या तरतुदीची रचना फार उपयोगी आहे. तिने लहान शहरांची क्षमता महानगरांच्या कोट्यातून वेगळी काढली. १८ शहरांसाठीच्या फेऱ्या मुंबई-दिल्लीच्या हिशेबात धरल्या जात नाहीत. दुबईच्या बाबतीत गोव्याने नेमके हेच मागायला हवे होते आणि आजवर मागितलेले नाही.

गोव्याची मागणी कुठे चुकते

गोव्याचा आंतरराष्ट्रीय पर्यटन व्यवसाय वाढला तो चार्टर विमानांवर. चार्टर ही अनियमित सेवा. ती शिकागो कराराच्या पाचव्या कलमात येते, द्विपक्षीय कोट्यात तिचा हिशेब नसतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी घेतली की विमान उतरते. इंग्लंड आणि रशियाहून हंगामभर विमाने येत राहिली, त्यामुळे परिशिष्ट, कोटा, पॉइंट ऑफ कॉल यांकडे पाहण्याची गरज राज्याला चार दशके वाटलीच नाही. २३ सप्टेंबर २०१९ रोजी ब्रिटनची थॉमस कूक ही पर्यटन कंपनी बुडाली आणि एका कंपनीवर किती मदार होती ते हंगाम तोंडावर आलेला असताना समजले. चार्टर पॅकेजवाल्या पर्यटकासाठी असते. कुवेतहून सुट्टीवर येणाऱ्याला किंवा जहाजावर रुजू व्हायला निघालेल्याला त्याचा उपयोग नाही.

या सवयीमुळे राज्याची पत्रे आजही ‘गोव्याला अधिक आंतरराष्ट्रीय विमानसेवा मिळावी’ अशा वाक्यावर थांबतात. अशा पत्रावर दिल्लीतला अधिकारी काहीच करू शकत नाही. कोणत्या देशाशी, कोणत्या परिशिष्टात, किती आसने, कोणाला, हे त्यात नसते. शिवाय स्लॉट आणि हक्क यांची गल्लत होते. स्लॉट म्हणजे विशिष्ट विमानतळावर विशिष्ट वेळी उतरण्या-उडण्याची मुभा. दुबईत भारतीय कंपन्यांना अडचण येते ती सोयीच्या वेळेच्या स्लॉटची, आणि ती मोपावर स्लॉट मोकळे असल्याने सुटत नाही.

हंगामाची बाजूही मांडली जात नाही. भारतीय कंपनीकडे दुबईचे १,२६० साप्ताहिक हक्क, म्हणजे १८० आसनांची रोजची एक फेरी असेल, तर ती फेरी कोझिकोडहून वर्षभर भरते आणि गोव्याहून ऑक्टोबर ते मार्च चांगली, पावसाळ्यात कमी. न वापरलेले हक्क काढून घेतले जाऊ शकतात, म्हणून कंपनी ते वर्षभर भरणाऱ्या मार्गावरच लावते. गोवा या शर्यतीत प्रवासी नसल्याने हरत नाही. हक्क आठवड्याच्या मापाने वर्षभरासाठी वाटले जातात म्हणून हरतो.

मागणी कशी लिहावी

दार पूर्ण बंद नाही. जुलै २०२५ मध्ये भारताने कुवेतचा कोटा दर आठवड्याला १२,००० वरून १८,००० आसने केला. कुवेतमार्गे युरोप-अमेरिकेला जाणारी वाहतूक दुबईच्या मानाने फार कमी, म्हणून तिथे दिल्लीचा हात सैल झाला. गोव्यासाठी ही बातमी दुबईपेक्षा मोठी आहे, कारण कुवेतशी गोव्याची नाळ दोन पिढ्यांची. वाढलेल्या ६,००० पैकी भारतीय कंपन्यांच्या वाट्यातल्या १,२६० आसनांची मोपा किंवा दाबोळीहून फेरी व्हावी, यासाठी करार बदलायची गरज नाही. केंद्राने भारतीय कंपन्यांना हक्क वाटताना गोव्याहून चालवण्याची अट घालावी, एवढे मागायचे. यासाठी राज्याला पैसाही घालता येतो: आसामने गुवाहाटीहून परदेशी मार्ग सुरू करण्यासाठी कंपनीला राज्याच्या तिजोरीतून तूट भरून दिली होती. गोव्याने पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरती अशी हमी दिली तर वर्षभराची अडचण सुटते आणि खर्चही मर्यादित राहतो.

दुबईसाठी मागणी अशी हवी: ६५,२०० च्या कोट्याला हात न लावता, फक्त गोव्यासाठी राखीव, दोन्ही बाजूंना समान, पावसाळ्यात आठवड्याला १,२६० आणि हिवाळ्यात २,५२० आसने, ती दुसऱ्या शहराकडे वळवता येणार नाहीत, सलग दोन हंगाम वापरली नाहीत तर रद्द. एका लहान विमानाच्या रोजच्या एक-दोन फेऱ्यांनी दिल्ली-मुंबईची जोडकेंद्रे धोक्यात येत नाहीत हे आकड्यांतच दिसते, आणि भारतीय कंपन्यांनाही तेवढेच नवे हक्क मिळतात. दिल्लीची भीती कोट्याच्या घसरगुंडीची आहे. राखीव, न वळवता येणारी आसने ही भीती बरीच कमी करतात. कण्णूर आणि पुण्यालाही असेच हवे होईल, आणि म्हणून दिल्ली सावध राहील, हेही धरून चालावे. पुण्याशी हातमिळवणी करण्यात गोव्याचे नुकसान नाही. दोघांचेही जुने विमानतळ संरक्षण दलांच्या ताब्यातले, दोघांच्या अडचणी सारख्या.

या मागणीसोबत तीन कागद लागतील. गोव्याच्या पत्त्यावरून निघालेल्या आणि मुंबई, दिल्ली, बेंगळुरू किंवा दोह्यात विमान बदललेल्या प्रवाशांची अंतिम ठिकाणांनुसार महिनावार आकडेवारी. ती विमानतळ चालक आणि तिकीट विक्रीच्या माहितीवरून काढता येते. दाबोळी आणि मोपावर उपलब्ध स्लॉटच्या वेळा. आणि पावसाळी हमीसाठी राज्याच्या अर्थ खात्याची लेखी तयारी. नागरी विमान वाहतूक मंत्रालय कोणत्याही देशाशी बोलणी सुरू करण्याआधी भारतीय कंपन्यांची मते मागवते. राज्याचे टिपण त्या वेळी फाइलमध्ये असले तर त्याचा विचार होतो, बोलणी झाल्यावर आलेले पत्र पोचपावतीपुरते उरते.

वेळेचे भान आणखी एका कारणाने हवे. विमान कंपन्यांचे हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होते आणि त्याचे स्लॉट जूनमधल्या जागतिक परिषदेत बहुतांशी ठरून जातात. त्या हिवाळ्यात मोपावर किंवा दाबोळीवर नवे विमान उतरायचे असेल, तर हक्कांचा निर्णय एप्रिलपर्यंत लागायला हवा, आणि राज्याचे टिपण त्याआधीच्या डिसेंबरात दिल्लीत पोचायला हवे.